इथन म्हणजे कुठनं

अण्णा,

तुमच्या नातवाचं नाव इथन ठेवलंय. एवढं एक वाक्य लिहून मी थांबले, कारण तुमचा पुढचा प्रश्न मला बसल्या जागी ऐकू आला. "अर्थ?" नुसतं तेवढंच, रजिस्टरमधून मान वर न करता. लांज्याला जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलामागे बसून तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारलंत. नाव लिहून घ्या असं सरकारनं सांगितलं होतं, अर्थ विचारा असं कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन यायचे आणि खिडकीजवळच्या बाकावर पाय हलवत बसायचे. समोर एक माणूस उभा आहे, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तो तुम्हाला म्हणतोय, "अर्थ मना काय ठावं, साहेब? बायकोनं सांगितलान ता नाव घेऊन मी आलो. आता इचरायला परत घरी जाऊ काय? एस्टी चुकंल माझी." तुम्ही हसला नाहीत. कपाटातून कोश काढलात, त्याला त्याच्या मुलाच्या नावाचा अर्थ वाचून दाखवलात आणि मग सावकाश, वळणदार अक्षरात नाव लिहिलंत. तो बिचारा घड्याळाकडे बघत होता.

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. तेव्हा बारावीत असलेला आपला धाकटा आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि कॅनडात असतो. या वर्षी त्याला मुलगा झाला. नाव तिथल्या तिथे ठेवलं, पासपोर्टवर चढलं, आणि मग आम्हाला फोनवर कळलं. आईला आधी नीट ऐकूच आलं नाही. "ह्या कसला नाव गो? इथनं म्हणजे कुठनं?" मी हसले, पण खरं सांगू, मलाही ते नाव रुचलं नव्हतं. परकं होतं म्हणून नव्हे. मला विचारलं नाही म्हणून. मी त्याची एकुलती एक आत्या. मला मूलबाळ नाही, तेव्हा या घरात नाव सुचवायची संधी मला एकदाच मिळणार होती. मी दोन नावं मनात काढूनही ठेवली होती. ती कुठली हे आता सांगत नाही, तुम्ही अर्थ विचाराल.

बारसं मात्र इथे, रत्नागिरीत मांडवीच्या घरी करायचं ठरलं. बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर ती दोघं त्याला घेऊन आली. आल्या दिवशीच दुपारी आई विळीवर नारळ खवता खवता मला हळूच म्हणाली, "कानात नाव तूच सांगणार ना? मग ह्यांचा सांग. बाहेर त्यांना काय बोंबलायचा ता बोंबलू दे. कानातला कुणाला ऐकू येतो?" ह्यांचं म्हणजे तुमचं. मी हो म्हटलं. संध्याकाळी जेट्टीवर फिरायला गेलो तेव्हा धाकटा म्हणाला, "ताई, आई तुला काहीतरी पढवणार, मला माहितीय. तू इथनच सांग. नाहीतर बारसं नको." मी त्यालाही हो म्हटलं. चौपन्न वर्षांची बाई, तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवते, आणि दोन्हीकडे हो म्हणून बसले. बारसं चार दिवसांवर होतं.

मग म्हटलं, निदान ज्या नावासाठी भांडण आहे ते नाव तरी काय आहे ते बघू. हा तुमचाच वारसा. आधी मोबाइलवर शोधलं. तिथे सगळ्याच नावांचा अर्थ देवाची देणगी. एका ठिकाणी तर इथन हे संस्कृत नाव म्हणून ठोकून दिलेलं. तुम्ही ते वाचून दोन दिवस जेवला नसतात. म्हणून आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे गेले. ते ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्याकडे बायबलातल्या शब्दांचा एक जाडजूड कोश आहे. मूळ नाव हिब्रू, उच्चार एतान. इंग्रजांच्या तोंडी गेलं आणि त्याचं इथन झालं. जुन्या करारात या नावाचा एक शहाणा माणूस आहे, पण त्याची ओळख काय, तर शलमोन राजा त्याच्याहूनही शहाणा होता. बिचाऱ्याची शहाणपणात दुसऱ्या नंबरवरच बोळवण झाली. एक स्तोत्रही त्याच्या नावावर आहे. पुढे कित्येक शतकं हे नाव फारसं कुणी ठेवलं नाही. मग इंग्लंडातल्या काही कर्मठ लोकांनी संतांची नावं नकोत म्हणून जुना करार उघडला आणि त्यातून अशी नावं वेचून काढली. ती त्यांच्याबरोबर जहाजातून अमेरिकेला गेली. तिथे इथन हे बराच काळ खेड्यातल्या म्हाताऱ्याचं नाव होतं आणि आपल्या हयातीत एकदम फॅशनमध्ये आलं. भावजय सांगत होती, तिच्या मैत्रिणीच्या मुलाच्या वर्गात तीन इथन आहेत, बाई आडनावानं हाक मारतात. माझ्या वर्गात नाही का, पूर्वी मंगेश आणि संतोष असायचे, आता तीन आरव आणि दोन विहान!

सरांनी आणखी एक गंमत सांगितली. आपल्या रत्नागिरीत हिब्रू नावं कधीपासूनची आहेत, फक्त अरबीतून फिरून आलेली. दाऊद, मुसा, युनूस. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसायचे ते याकूबचाचा, त्यांचं नावही हिब्रूच, त्याचा संबंध टाच धरण्याशी लावतात. तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं चहा प्यायलात अण्णा, एकदा तरी अर्थ विचारलात का?

आता अर्थ. तो मी मुद्दाम मागे ठेवला. कोशात लिहिलं होतं: टणक, भक्कम, टिकणारं. आणि ओढ्याबद्दल हा शब्द वापरला तर बारमाही, उन्हाळ्यातही न आटणारा. भूगोलाच्या बाईला याहून काय हवं? आपल्या गावचा पऱ्या फाल्गुनातच आटून दगडांवर येतो आणि देवळाखालचा तेवढा मे महिन्यातही वाहतो, त्याला हिब्रू माणूस एतान म्हणाला असता. मी खूश होऊन बसले होते. आणि मग पहिल्या शब्दाकडे परत आले. टणक. टिकणारं. तिथे मात्र मला तुमच्या टेबलापुढची ती बाई आठवली.

ती लांज्याच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीतून चालत आली आहे. पायांना लाल माती, कडेवर मूल. तुम्ही विचारता, नाव काय? ती म्हणते, धोंडू. मी बाकावर बसून खीः करून हसते. तुम्ही पेन खाली ठेवता. माझ्याकडे बघता. पुन्हा पेन उचलता आणि तिला अर्थ विचारतच नाही. तुम्ही अर्थ न विचारलेलं तेवढं एकच नाव मला आठवतं. घरी जाताना वाटेत मला म्हणालात, "दोन पोरं गेली असतील तिची. हे तरी राहावं म्हणून दगडाचं नाव ठेवलंय, मृत्यूनं दगड समजून सोडून द्यावं म्हणून. त्यावर तू हसलीस." माझे कान तापले. थोडं पुढे गेल्यावर, रस्त्याकडे बघतच तुम्ही म्हणालात, "माझंही पाळण्यातलं नाव धोंडूच होतं. शाळेत घालताना मास्तरांनी बदललं." इतकं शरमेनं मी त्याआधी कधी मेले नव्हते आणि नंतरही नाही.

त्या रात्रीच्या जेवणानंतर भावजय भांडी विसळत होती. मी पुसायला घेतली आणि सहज म्हटलं, "तुम्हा दोघांना हेच नाव का गं सुचलं?" ती बराच वेळ एकच ताट विसळत राहिली. मग म्हणाली, "ताई, याच्या आधी दोनदा राहिलं होतं आणि गेलं. एकदा पाचव्या महिन्यात. हा राहिला तेव्हा मी टिकणारं काय असतं तेवढंच शोधत होते, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. हे सापडलं." ताट तिनं माझ्या हातात दिलं. "आईंना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल." मी, जी मला विचारलं नाही म्हणून पाच महिने फुगून बसले होते, त्या ताटाकडे बघत उभी राहिले. धाकट्यानं फोनवर कधी आवाजातसुद्धा काही कळू दिलं नव्हतं. आम्ही विचारायचो, काय, बरं ना सगळं? तो म्हणायचा, थंडी फार आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी आई घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि फक्त अर्थ सांगितला. हिब्रू, टणक, टिकणारं, एवढंच. भावजयीनं सांगू नका म्हटलं होतं, ते पाळलं. आईची बोटं थांबली. "म्हणजे धोंडूच की गो," ती म्हणाली. मी मान हलवली. पुन्हा दोन-चार हरभरे इकडचे तिकडे केलेन आणि माझ्याकडे न बघता विचारलंन, "किती गेली तिची?"

मी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. ती म्हणाली, "असला नाव कोण उगाच ठेवीत नाय. माझ्या सासूनं तीन घालवल्यान, तवा ह्यांचा ठेवलान. मना सांग." मी दोन बोटं दाखवली. आईनं ताट खाली ठेवलंन आणि पदर तोंडाला लावून बसली. मग उठताना म्हणाली, "कानात तिचाच सांग. आणि मना कळलाय ह्या तिला बोलू नको." आता घरात एकच गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि प्रत्येकीनं ती माझ्याकडे ठेवायला दिली होती.

बारसं छान झालं. शेजारच्या बायका आल्या, "नाव काय ठेवलंव?" म्हणून विचारत बसल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळाला पाळण्याखालून दिलं-घेतलं. आईनं त्याला पाळण्यात ठेवलंन, धाकटा पायाशी उभा होता, भावजयीचा हात पाळण्याच्या दोरीवर. मी वाकले. त्याच्या कानाला तेलाचा वास येत होता. पोर शांत झालं आणि डोळे फिरवून माझ्याकडे बघायला लागलं.

अण्णा, माझ्या तोंडून नाव निघालं नाही. माझ्या जिभेवर तुम्ही होतात, इथन होता, ती न आलेली दोन होती. मागे बायका गुद्दे घालायला हात उगारून तयार. मी नुसतं कुर्र केलं. पाठीवर गुद्दे पडले, सगळे हसले, डोळ्यांतलं पाणी मारामुळे आलं असं सगळ्यांना वाटलं.

ती मंडळी गेल्या आठवड्यात परत गेली. फोनवर आई त्याला खुशाल "इथनं" म्हणते आणि तो तिच्याकडे बघून हसतो. ही पानं मी शाळेच्या वहीतून फाडणार नाही, आहेत तिथेच राहतील. पण घरातल्या कुणाला अजून ठाऊक नाही, कधी सांगेन असंही वाटत नाही, की त्याच्या कानात त्याचं नाव कुणी सांगितलेलंच नाही.