नारळाच्या पाण्यातून वीज जाते का

गुरुजी, तुम्ही गेलात त्यालाही तीस वर्षं होत आली, पण समोर ताक आलं की मला अजून बाकावर उभं केल्यासारखं वाटतं. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, सोनईजवळच्या आपल्या शाळेत वीज यायची होती आणि तुम्ही सातवीला ती आधीच शिकवून टाकली होती. टॉर्चचे सेल, दोन तारा, इवलासा बल्ब. वाट पुरी झाली तरच वीज वाहते, कुठेही तुटली की बल्ब गेला, हे दहादा घोकून घेतलंत. मग तारांची टोकं मिठाच्या पाण्यात सोडलीत आणि बल्ब मिणमिणला. मी हात वर केला. "गुरुजी, ताकातून जाते का?" जाईल, म्हणालात. "चहातून?" तुम्ही कपाळाला हात लावलात. "आणि नारळाच्या पाण्यातून?"

"भवाने, वीज शिकायचीय का हॉटेल काढायचंय? राहा बाकावर उभी."

वर्ग खिदळला. मी तास संपेपर्यंत उभी, आणि उत्तर राहिलं ते राहिलंच.

वीज आली त्या दिवशी अख्खं गाव शाळेच्या व्हरांड्यात जमलंय. हळदीकुंकू वाहायला म्हणून मेन स्विचच्या लोखंडी पेटीचं झाकण उघडंच ठेवलंय. बल्ब लागतो, टाळ्या होतात, वायरमन सरपंचांबरोबर चहाला जातो. तुम्ही नारळ उचलता. दगड आणायचं कुणालाच सुचलेलं नाही, आणि तुमची नजर त्या पेटीच्या कोपऱ्यावर जाते. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी. काय होऊ शकतं ते मला कळतंय. "गुरुजी, नको," एवढंच म्हणायचंय. मी म्हणत नाही. नारळ फुटतो, पाणी थेट फ्यूजवर, फाडकन आवाज, निळा जाळ, तुम्ही मागच्या पोरांच्या अंगावर आणि बल्ब गप्प.

पण मानलं तुम्हाला. धोतर सावरत उठलात आणि म्हणालात, "याला फ्यूज म्हणतात. भलत्या वाटेने जास्त वीज धावली की आतली बारीक तार वितळते, वाट तुटते आणि पुढचा अनर्थ टळतो." गावाला वाटलं, मुद्दामच करून दाखवलं. मागून एक म्हातारबा म्हणाले, "गुर्जी, आमाला काय बी दिसलं न्हाई. अजून एक नारळ फोडा की."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. बोटांना फडकं बांधलेलं होतं. "मिळालं ना उत्तर? जाते. त्या दिवशी तुला दटावण्याऐवजी मी नीट विचार केला असता, तर नारळ दगडावर फोडला असता. चूक माझी." आणि तुमचा टेस्टर माझ्या हातात ठेवलात. त्याच टेस्टरने पुढे मी आयटीआयमधल्या किती पोरांना वायरिंग शिकवलं. अजून पर्समध्ये असतो. हे पत्रही त्याच्याशेजारीच राहील, दुसरं कुठे टाकणार?

चूक तुमची नव्हती, गुरुजी. घाबरून गप्प बसले असं मी घरी सांगितलं, तेही खोटं. मला बघायचं होतं, जाते का ते. तुमचा जीवही गेला असता. हे सांगायला मी तुमच्या घरी तीनदा आले होते. दर वेळी काकू ताक घेऊन यायच्या आणि तुम्ही हसत हसत तिथे बसलेल्यांना म्हणायचात, "हिला विचारा, यातून वीज जाते का." मी "जाते" म्हणायचे आणि ताक पिऊन घरी यायचे.