नंदू कोणाच्या बाजूचा

१८ ऑक्टो. ८९, रोहा

निवडणूक लागली. दुपारी शिलाई मशीन झाकून पक्षाच्या ऑफिसात गेले. दोन ब्लाउज द्यायचे राहिले, उद्या बोलणी खाईन.

आमचे पुढारी वसंतभाऊ माझ्या मनातलंच बोलले. रस्ता-पाणी सगळेच बोलतात, आपण लंकेचं बोलायचं. आपली फौज त्या परक्या बेटावर दोन वर्षं काय करतेय? शांतता राखायला गेली आणि तिथल्याच पोरांशी लढत बसली. आता रेडिओ म्हणतो लढाई थांबवलीय. मग आपली माणसं अजून तिथं का?

माझ्याकडे बोट करून म्हणाले, "शालनचा सख्खा भाऊ तिकडे आहे. ती बोलेल."

हो म्हटलं. जुलैच्या पुरात हा माणूस कमरेला दोर बांधून आमच्या आळीत शिरला होता. सासूबाईंना पाठीवर घेऊन काढलं. त्याला नाही कशी म्हणू. आणि नंदूसाठी नाही बोलायचं तर कुणासाठी?

२० ऑक्टो.

पेणला माहेरी जाऊन आले. नको होतं जायला.

बाबांचं आयुष्य मिठागरात गेलं, मत जन्मभर एकाच पक्षाला. फौज त्यांच्या पक्षाच्या सरकारनं धाडली, म्हणजे बरोबरच धाडली.

"काम अर्ध्यात टाकून यायचं? मग मेलेली पोरं कशाला मेली गो?"

"म्हणून अजून मरायची?"

"तुमच्या पक्षाला लढाईतलं काय कलतंय!"

"तुमच्या पक्षाला कळलं असतं तर गेलेच नसते."

पानं तशीच राहिली. सुनंदा मध्ये पडली नाही. नंदूची बायको, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, नखांत कायम रंग. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "वन्सं, बोलून खरंच परत आणतील?"

आणतील, म्हटलं.

२२ ऑक्टो.

व. भाऊ म्हणतात सुनंदानं बोलावं. "तू बहीण. बायको बोलली तर बाया रडतील." ते 'रडतील' जरा खुपलं. पण खरं आहे.

ह्यांना सांगितलं. सेकंड शिफ्टला निघाले होते. डबा पिशवीत टाकता टाकता म्हणाले, "तू बोल हवं तेवढं. सुनंदाला स्टेजवर चढवू नको. नंदूला विचारलंस?"

पत्र जाऊन उत्तर येईस्तोवर निवडणूक होऊन जाईल. कसं विचारू?

२४ ऑक्टो.

पेणची सभा. मी बोलले, बरी बोलले. मग मी आणलेली सुनंदा उभी राहिली. माइक उंच होता, कुणी खाली केला नाही. ती टाचा उचलून बोलली.

"माझा माणूस मला परत पायजे. ती लढाई आपली नाय. तिथल्या लोकांना आमचे नको झालेत, आणि आम्हाला आमचे हवेत. एवढंच हाय."

मग टाळ्या. पुढच्या बाया खरंच रडत होत्या. व. भाऊंनी तिच्या पायाला हात लावला. पेपरवाल्यानं फोटो घेतला.

आज पहिल्यांदा वाटलं, आपण नुसत्या खुर्च्या मांडणाऱ्या नाही.

२६ ऑक्टो.

पेपरात फोटो. बाबांनी शेजारच्या पोराबरोबर निरोप धाडला: शालनला सांग, ह्या घरात पाऊल टाकू नको. सुनंदाशी बोलत नाहीत, ती वाढते आणि ते मान खाली घालून जेवतात. दिवाळी तोंडावर.

म्हणे मी नंदूची लाज काढली. लाज? जिवंत ये म्हणणं ही लाज?

२० नोव्हें.

तुकाराम गेला. खांब गावचा. फौजेत नंदूच्याच तुकडीत, दोघं एकत्र भरती झालेले. सुट्टीवर आला की आमच्याकडे एक रात्र ठरलेली, तिखट मागून मागून खायचा. सुरुंगावर पाय पडला म्हणतात. लढाई थांबली म्हणतात, आणि सुरुंग…

नंदूची काही खबर नाही. ह्यांनी कंपनीच्या ऑफिसातून फोन लावून बघितला. लागत नाही.

२२ नोव्हें.

व. भाऊंबरोबर खांबला. बाबांच्या पक्षाची माणसं आधीच अंगणात, हार घेऊन. आमचे आत शिरले तशी बाचाबाची. शोकसभा आम्ही घेणार. नाही, आम्ही. तुमच्या सरकारनं मारला. तुम्ही पळपुटे, त्याच्या मरणाची किंमत काय कळणार तुम्हाला. एकानं व. भाऊंची कॉलर धरली.

तुकारामची आई ओटीवर बसलेली. उठली. आवाज चढवला नाही.

"भांडायचं तर रस्त्यावर जा. इथं माझा पोर नाय, तुमचाबी कोन नाय."

सगळे रस्त्यावर आलो. आणि तिथंही भांडलेच. मीही. घरी आल्यावर घसा बसलेला.

२५ नोव्हें.

नंदूचं कार्ड सुनंदाला. खुशाल आहे. दुसरं काही नाही. तुकारामचं नाव नाही, सभेचं नाही, माझंही नाही. तारीख तुकाराम जायच्या आधीची की नंतरची, शिक्क्यावरून लागत नाही. कारखान्याबाहेर सुनंदानं वाचायला दिलं, दोघी उभ्यानं रडलो. जिवंत आहे.

३ डिसें.

दिल्लीचं सरकार बदललं! फौज सगळी परत आणणार, रेडिओवर सांगितलं. ऑफिसात पेढे. व. भाऊंनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. "शालन, आपण आणलं त्यांना." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं. उद्या कुणी काही म्हणो, ते पाणी खोटं नव्हतं.

पेणला गेले नाही. आत कशी जाणार?

२९ जाने. ९०

आता राज्याची निवडणूक. व. भाऊंना तिकीट नाही, दुसऱ्याच कुणाला. ऑफिसात शुकशुकाट. वीस वर्षं घासली त्या माणसानं. मला इतका राग आला की त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, भाऊ, अपक्ष उभे राहा, मी गावोगाव फिरते. ते हसले. वहिनींनी चहा केला. भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. का, ते कळलं नाही.

६ फेब्रु.

हे शिफ्टवरून आले, चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "तुझे वसंतभाऊ त्या पक्षात गेले. तालुक्याचे अध्यक्ष केलंय." कंपनीच्या गेटवर सगळ्यांना माहीत. मला सोडून.

विश्वास बसला नाही. तशीच गेले. दारात जीप, तिला बाबांच्या पक्षाचा झेंडा.

"भाऊ, आणि लंकेचं?"

"लंकेचं काय? फौज येतेय ना परत?"

"तुम्ही ह्याच पक्षाला खुनी म्हणालात. पेणच्या सभेत. मी शेजारी होते."

"शालन, सभेतलं मनाला लावून घेऊ नये. तू हुशार आहेस. ये इकडे, महिला आघाडी तुलाच देतो."

वहिनी आतून बघत होत्या. मी चहा घेतला नाही. येताना वरसे गावच्या रस्त्याला रिक्षावाला ओळखीचा भेटला, बसा म्हणाला. नाही बसले. चालत आले.

१४ फेब्रु.

लिहवत नाही, पण लिहिते.

पेणला त्यांची सभा. तेच मैदान. मी पानटपरीच्या आडोशाला उभी. व. भाऊ बोलायला उठले. तोच आवाज, तसंच बोट वर. म्हणे, विजय हाताशी आला होता. भेकडांनी फौज मागे बोलावली. शहीद तुकारामच्या रक्ताचा हा अपमान आहे. "आमच्या पेणचा नंदू आज मान खाली घालून परत येणार, ही वेळ त्याच्यावर कुणी आणली?"

मग म्हणाले, वीरपिता आपल्यात आहेत. आणि बाबांना हाताला धरून वर घेतलं. शाल, हार. वरून त्यांची नजर सगळीकडे फिरत होती, कुणाला तरी दाखवायचं असावं. माझ्यावरूनही गेली. थांबली नाही.

माइक त्यांच्यासाठी खाली केला.

सुनंदालाही बोलावणं होतं म्हणे. तिनं सांगितलं, माझं एकदा बोलून झालंय.

१६ फेब्रु.

आमच्या पक्षाचे नवे तालुकाप्रमुख. गेले, म्हटलं, व. भाऊंना उत्तर द्यायला पाहिजे, मला पेणला बोलू द्या. ते यादी बघत होते. "ताई, लंकेचा विषय संपला आता. लोकांना नळ पाहिजे." म्हटलं, खांबला तरी जाऊन या, ती बाई एकटी आहे. "तिथं मतं त्यांचीच आहेत."

म्हणजे हाही तसलाच.

बाहेर येऊन पायरीवर बसले थोडा वेळ. व. भाऊ गेले ते निदान उघड गेले.

२७ फेब्रु.

मत द्यायला गेले नाही. पहिल्यांदाच. हे जाऊन आले.

१९ मार्च

नंदू आला. सुनंदानं निरोप दिला, मी एस.टी. पकडली. दारात थबकले, बाबा ओटीवर. त्यांनी तोंड फिरवलं पण नको म्हणाले नाहीत. शिरले.

काळा पडलाय, गालफडं वर आलीत. धाकटा भाऊ माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो. जेवला. सगळं विचारून झालं, एका शब्दाची उत्तरं. मद्रासला बोटीतून उतरले तर तिथल्या सरकारातलं कुणी घ्यायला आलं नाही, एवढं मात्र आपण होऊन म्हणाला.

मग सुनंदा भांडी घेऊन मागं गेली तेव्हा: "बाय, तो हिच्या फोटोचा पेपर आमच्या पोस्टवर आलेला."

"कोणी धाडला?"

"गावातल्यानं कुणी. पोरांनी वाचला. तुका बोलला, वहिनी बरोबर बोलली. दुसरा एक बोलला, आपल्याला घरच्यांनीच हरवलं. त्यावरून दोघांची हातघाई झाली, मी सोडवली. त्याच आठवड्यात तुका…"

तांब्या बाजूला सारून म्हणाला: "मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नाय माहीत. पन विचारायचंस."

तिकडून बाबा, "माझं बी तसंच, मला बी बोलवून नेलं," असं काहीसं पुटपुटले. नंदूनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

मी चुकले असं मी लिहिणार नाही. परत आणा म्हटलं, आला. पण तो माझ्याकडे बघतो तेव्हा मी वसंतभाऊंकडे बघत होते तसा बघतो. हे सहन होत नाही.

२३ मार्च

पाडव्याला नंदूचा सत्कार, व. भाऊंकडून पेणला. त्याच दिवशी आमच्या पक्षाकडूनही. महिन्यापूर्वी विषय संपला म्हणणारे आज माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन बसले. "ताई, तुमचा भाऊ आहे, तुम्हीच आणा. आपण त्यांना जिवंत आणलं हे लोकांपुढे यायला हवं."

नंदूला नुसतं सांगितलं, ये म्हटलं नाही. तो म्हणाला, "तू आता कोनाकडून आलीस?"

बाबा म्हणतात वसंतभाऊंना शब्द दिलाय. सुनंदा म्हणाली, "त्यांचा शब्द तुम्ही कसा दिलात?" बाबांना उलटं बोललेली पहिल्यांदाच ऐकली.

२७ मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारते तोच नंदू दारात. पहिल्या गाडीनं पेणहून निघालेला, साधा शर्ट. म्हणाला, खांबला जायचंय. "चल. पन तू काय बोलू नको."

ह्यांना म्हटलं, बघा घराकडे. दोन्ही सत्कारांच्या खुर्च्या मांडत असतील तेव्हा आम्ही कोलाडला गाडी बदलत होतो.

तुकारामची आई आत तांदूळ निवडत होती. नंदूला बघून सूप बाजूला ठेवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. पाणी दिलं. मी दाराशी बसले. मला ओळखलं तिनं, अंगणात भांडणाऱ्यांतली.

नंदूनं कसं झालं ते सांगितलं. त्यानं थोडक्यात सांगितलं, मीही लिहीत नाही. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं,

"अजून थोडं थांबला असतात तर जिंकला असतात काय रे?"

"नाय माहीत, आये."

"आनि आधीच आला असतात तर?"

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरंच उत्तर पाहिजे होतं तिला. माझ्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं, केव्हाचं, पाठ. स्टेजवर सांगितलेलं. पहिल्याचंही होतं. तोंड उघडलं नाही. नंदूनं बजावलं होतं म्हणून नव्हे.

तिनं जेवायला थांबवलं. पाडव्याचं गोड नव्हतं, वरण-भात, सुकट. नंदूनं दोनदा भात घेतला.

हायवेवर आलो. पेणची गाडी पलीकडून, माझी अलीकडून. विचारलं, ड्यूटीवर कधी जायचंय?

"सुट्टी हाय अजून."

"जाणार ना पण?"

"बाय, सगळे नेतायत, आता तू पन कुठंतरी ने मला."

हसत म्हणाला की कसं, कळलं नाही. रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. मध्ये ट्रक जात होते. माझी गाडी आली, मी हात केला नाही, सोडली. तोही बघत होता. पुढची कधी ते माहीत नव्हतं. उभी राहिले.