ताप मोजायची बंदूक

बुलढाणा, बुधवार संध्याकाळ

बराकीतल्या म्हाताऱ्या रहीमचाचांना आज कोरोना निघाला. जेलमधल्या भेटी कधीच्या बंद आहेत. मग आजार आत नेला कोणी? आम्ही शिपायांनीच.

शुक्रवारी माझं अंग तापलं होतं. गोळी खाऊन ड्युटीवर गेलो. काऊन गेलो? सुट्टी मागायची लाज वाटली, बस. ताप मोजायची बंदूक एकेका कैद्याच्या कपाळासमोर धरली. स्वतःच्या कपाळासमोर नाही धरली. आकडा माहीत होता ना.

आज चाचांना ॲम्ब्युलन्समध्ये चढवायला हात दिला, तर ते मागं सरले. म्हणाले, "दूर राहा, साहेब. तुमच्या घरी लहान लेकरं हायेत. माह्यामुळं तुमाले काही व्हाले नोको."

ती बंदूक माझ्या दुसऱ्या हातात होती. मी "हाव" म्हटलं आणि दूर झालो.