अर्धी वाटी मेथी

३ जून २०२५, मंगळवार

आत्याबाईंना तीच गोळी! औषधवाल्यानं पाकीट पुढं सरकवलं आणि मी लगेच ओळखलं. बारकी, पांढरी. रक्त पातळ करायची. ह्यांच्या हृदयाची झडप बदलल्यावर दोन वर्षं रोज संध्याकाळी ह्यांच्या तळहातावर मीच ठेवत होते. आत्याबाईंचे ठोके चुकतात, आत गाठ धरू नये म्हणून त्यांना.

रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "आता मलाबी तुझ्याच हातानं."

"गोळीच द्यायचीय, आत्याबाई."

"माझ्या बद्रीलाबी गोळीच देत व्हतीस."

सासू म्हातारी झाली, जीभ नाही.

४ जून, बुधवार

कुणाशी बोलायचं नाही तर इथं तरी लिहावं.

हे गेले २४ ऑगस्ट २०२३ ला. जेवताना हातातला घास खाली पडला, तोंड वाकडं झालं, दोन दिवसांत संपलं. 'झटका आला' एवढंच कळलं. दवाखान्याची फाईल इंग्रजीत. ह्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं. परत उघडली नाही.

दहाव्याला आत्याबाई सगळ्या भावकीसमोर बोलल्या – "डॉक्टर म्हणला व्हता, पालेभाजी जपून. हिनं वर्षभर ताट भरून घातली. मी नेम धरला, पर आधीचं रक्तात साचलेलं कुठं जातंय?"

नेम म्हणजे श्रावणाचा. श्रावणात पालेभाजी नाही, हे आमच्या गंगापूरच्या घरी आधीपासून. पण त्या वर्षी अधिक श्रावण, म्हणजे दोन महिने! 'अधिकात केलेलं दुप्पट पावतं,' आत्याबाई म्हणाल्या आणि ह्यांच्या जिवासाठी पूर्ण दोन महिन्यांसाठी घरात पालेभाजी बंद केली. मलाही बरं वाटलं होतं. देवाचं आणि डॉक्टरांचं एकदाचं जुळलं म्हणून.

तेव्हापासून मीही तेच मानत आले. भाजी मी घातली, गाठ झाली, हे गेले. दोन वर्षांत मेथीची जुडी घरात आणलेली नाही.

१३ जून, शुक्रवार

रक्ताचा रिपोर्ट दाखवायला गेलो. आत्याबाई डॉक्टरांना अगदी ऐटीत – "आमच्या घरी पालेभाजी शिजतच नाय."

"का?" डॉक्टर म्हणाले. "रोज अर्धी वाटी खा. पण रोज तेवढीच. एक दिवस ढीग आणि चार दिवस उपास, असं नको. तुमच्या खाण्याच्या हिशोबानं गोळी मी बसवतो."

'जपून' म्हणजे बंद, असंच आम्ही धरून चाललो होतो. ह्यांच्या वेळी आम्ही विचारलंच नाही. जपून म्हणजे किती, कसं. कुणीच नाही विचारलं.

१४ जून, शनिवार

भाजीवाला फकिरा करमाडहून माल आणतो, हातगाडीवर विकतो. मेथीची जुडी उचलली तर म्हणाला, "वहिनी, आज सूर्य कुठून उगवला?" आत्याबाईंनी खाल्ली. "मीठ जास्ती झालं," म्हणाल्या. पण वाटी पुसून खाल्ली.

१९ जून, गुरुवार

वाचनालयातून आहाराचं पुस्तक आणलं. मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं रद्दीतून आणि वाचनालयातून. हळू वाचते, पण सोडत नाही.

पालेभाजीत 'के' नावाचं जीवनसत्त्व असतं. रक्त गोठायला ते लागतं. गोळी त्याचाच हात धरून ठेवते. म्हणून दोघांचा तोल ठेवायचा. आणखी एक – हाडातला चुना हाडातच राहावा, रक्तवाहिनीच्या भिंतीत बसू नये, यालाही ते मदत करतं म्हणे. 'याबाबत अजून खात्रीनं सांगता येत नाही' असंही खाली लिहिलंय. ते आवडलं मला. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणणारं पुस्तक!

नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तोवर बोअरचं. पाणी तापवायच्या कांडीवर पांढरा थर बसलाय, बोटाएवढा. आज चाकूनं खरवडत बसले. आपल्या नळ्याही अशाच होत असतील का?

२० जून, शुक्रवार

तनुजाचा पुण्याहून फोन. "आई, महिनाभर ये ना." कशी जाऊ? आत्याबाईंना एकटं सोडता येत नाही, आणि त्या पुण्याला यायला तयार नाहीत. दोन खोल्या, दोन बायका, मध्ये ह्यांचा फोटो.

२७ जून, शुक्रवार

रिपोर्ट छान. रक्त किती पातळ त्याचा आकडा अडीच! दोन ते तीनमध्ये हवा तसा. डॉक्टर खूश. निघताना आत्याबाईंनी सहज विचारलं, "आन श्रावणात सोडली तर?"

"अजिबात नाही. रोजची भाजी एकदम सोडली तर गोळी जास्त चढते. रक्त नको इतकं पातळ होतं, मेंदूतसुद्धा रक्तस्राव होऊ शकतो. उपास धरायचा तर आधी मला सांगायचं."

रिक्षात आत्याबाई माळ ओढत बसल्या. मी बोटांवर त्या श्रावणाचे दिवस मोजले.

२८ जून

काही लिहवत नाही.

३० जून, सोमवार

आत्याबाई दुपारी झोपल्यावर पेटी उघडली. त्यांच्या कॉटखालीच असते. कुलपाचा आवाज झाला, पण त्या हलल्या नाहीत.

डिक्शनरी घेऊन तासभर बसले. 'हेमरेज'. म्हणजे रक्तस्राव. गाठ नव्हती. रक्ताचा आकडा आठ पॉइंट चार. ह्यांना झडपेमुळे हवा होता अडीच ते साडेतीन. दर महिन्याची तपासणी त्या वेळी चुकली होती – धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई आले होते म्हणून.

अधिक श्रावण लागला १८ जुलैला, ह्यांना झटका आला २२ ऑगस्टला. पस्तीस दिवस.

भाजीनं नाही गेले. भाजी बंद केली म्हणून गेले.

मी हसले. देवा, मी हसले! माझी भाजी नव्हती. मग समोर आत्याबाईंची पाठ दिसली. नेम त्यांचा. लेकाच्या जिवासाठी धरलेला.

६ जुलै, रविवार

आठवड्याभरात एक टोमणा नाही. म्हातारीची तब्येत बिघडतेय की काय!

एकदा ओठावर आलं. भावकीसमोर मला बोललात, आता ऐका. पण त्या माळेचे मणी ओढत बसल्या होत्या, पाय इतके बारीक झालेत. गिळलं. माझ्यावरचा आळ माझ्यावरच राहू दे. मला सवय आहे.

१८ जुलै, शुक्रवार

आकडा चार पॉइंट नऊ! डॉक्टर रागावले. दोन दिवस गोळी बंद. "भाजी देता ना?"

देते. रोज. अर्धी वाटी, मोजून.

१९ जुलै, शनिवार

तुळशीच्या कुंडीला पाणी घालताना माती वर आली. आत मेथी. पालक. काळी पडलेली.

"आत्याबाई, हे काय?"

"नाय उतरत घशाखाली."

"मग मला सांगायचं!"

"लई झालं आता, जा."

२४ जुलै, गुरुवार. अवस

उद्या श्रावण. आत्याबाई दिवे घासता घासता म्हणाल्या, "उद्यापासून माझा नेम. भाजी नाय."

डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. "डॉक्टरला काय कळतंय." तनुजाला फोनवर दिलं, तिचंही ऐकलं नाही.

अडकले. नेम मोडायचा तर एकच गोष्ट सांगावी लागेल – नेमानंच तुमचा बद्री गेला. सांगितलं तर त्या जागच्या जागी मोडतील. नाही सांगितलं तर पस्तीस दिवसांत रक्तानं जातील. इकडून बोलणं मारतं, तिकडून गप्प बसणं.

भाजी मात्र निवडून ठेवली.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावणाचा पहिला दिवस

ताट ठेवलं. मेथी वाढली. त्यांनी वाटी सरकवली आणि फोटोकडं बघत म्हणाल्या, "तू पेटी उघडलीस तवा मी जागी व्हते. मला तर डॉक्टरला श्रावणाचं इचारलं तवाच कळलं व्हतं. मीच सोडायला लावली त्याला. तुला नाय नाय ते बोलले. आता मलाबी तसंच जाऊ दे."

मी भाकरीत मेथीचा घास केला, त्यांच्या तोंडाशी धरला.

"आणि मग मी भांडू कुणाशी?"

बराच वेळ तसाच धरला. हात दुखायला लागला.

मग तोंड उघडलं त्यांनी.