पासो युकेरीत कुणाच्याच पाठीला जखम नाही

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी अकरा पस्तीसला पोचलो. बस दहा चाळीसला यायची होती. पंचावन्न मिनिटं उशीर, कारण पुलाअलीकडे गाई रस्त्यात बसल्या होत्या आणि ड्रायव्हरला त्यांना उठवायचा संकोच वाटत होता. असो. गाव प्रसन्न आहे. लाल मातीचा एकच रस्ता, दोन्हीकडे संत्र्याची झाडं, टोकाला दलदल. न्या ओब्दुलियाकडे खोली घेतली; वयस्क बाईला न्या, पुरुषाला कराई म्हणायची रीत. खाटेची उंची बावन्न सेंटिमीटर भरली. मी टेप गुंडाळत होतो तर बाई दारातून म्हणाली, कराई, खाट विकत नाही घ्यायची, नुसतं झोपायचंय तिच्यावर. जेवायला कसाव्हा आणि चीजचा पाव, म्हणजे चिपा, ताजा. तीन खाल्ले.

ही वही पुढे कुणी वाचेल, म्हणून ओळख लिहून ठेवतो. एवारिस्तो इन्स्फ्रान, वय बावन्न, शिक्षण सहावी. पिलारच्या एका इस्पितळात सव्वीस वर्षं वॉर्डबॉय. नर्सिंगची पुस्तकं आपली आपण वाचली. जखम मोजायची चौकटीची पारदर्शक पट्टी मी स्वतः बनवली. राजधानी आसुन्सिओनच्या डॉक्टर लेइवाबाईंचे पदवीधर विद्यार्थी जखमा डोळ्यांनी अंदाजे मोजायचे. बाईंनी माझी पट्टी पाहिली आणि मला कामावर घेतलं. अहवाल चोख झाला तर छापील निबंधावर तिसरं नाव माझं.

काम असं. अंथरुणाला खिळलेली माणसं घरी असतात, त्यांना कुशीवर वळवलं नाही की पाठ सडते. या भागात दहातल्या चौघांना अशी जखम असते. पासो युकेरीत नऊजण अंथरुणाला आहेत आणि जखमेची नोंद एकही नाही. बाईंचं म्हणणं, गाव खोटं सांगतंय. मी नऊ पाठी डोळ्यांनी पाहायच्या.

आणखी एक, जे बाईंना सांगितलेलं नाही. माझ्या आईच्या माकडहाडावर जखम आहे. साडेतीन सेंटिमीटर. धाकटी बहीण निमिया तिचं करते. अख्ख्या वॉर्डाला शिकवणाऱ्या मला स्वतःच्या आईची पाठ राखता आली नाही. इथे काही युक्ती असेल तर ती आधी आईकडे जाईल, मग निबंधात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

चार घरं झाली. मी मुद्दाम दोनदा पाहिलं, भिंग लावून. टाच, घोटा, खुबा, माकडहाड, खांद्याची फरी, कुठेही लाली नाही. न्या सातुर्निना नावाच्या म्हातारीची कातडी तर धुतलेल्या कापडासारखी होती. प्रत्येक खाटेच्या उजवीकडे स्टूल, त्यावर पाण्याचं घमेलं आणि इस्त्री केलेला टॉवेल. दारं किलकिली.

कोण वळवतं असं विचारलं. चारही घरांत एकच उत्तर. पेर्पेतुआ. दुपारी, गाव झोपलेलं असताना. पत्ता विचारला तर न्या ओब्दुलिया तेरेरेचा, थंड काढ्याचा पेला हातात धरून हसत सुटली. म्हणाली, स्मशानात जा, दुसरी रांग, निळा क्रूस, ब्याऐंशी सालापासून तिथेच राहते. तक्त्यात लिहिलं : उत्तर देणाऱ्याने थट्टा केली.

बुधवार, ६ नोव्हेंबर

उरलेले पाच पाहिले. जखमा शून्य.

आरोग्य केंद्र बंद असतं. बाहेरच्या भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूने नऊ नावं. न्या ओब्दुलियाने आज थट्टा केली नाही. पेर्पेतुआ इथली नर्स. एका दुपारी तिचा डोळा लागला, संध्याकाळपर्यंत लागला, आणि तेवढ्यात तिच्या सख्ख्या मावशीची जखम हाडापर्यंत गेली. मावशी गेली. त्यानंतर ही बाई दुपारी कधी झोपली नाही. फळ्यावरची नावं घेऊन घरोघर जायची. एक दिवस रस्त्यातच पडली. तिला पुरलं, आणि दुसऱ्या दुपारी लोक उठून बघतात तर सगळे आजारी कुशीवर वळवलेले.

मी हसलो असेन. बाई फाडकन म्हणाली, तुमच्या आईला कोण वळवतं ते आधी सांगा कराई, मग आम्हाला हसा. आईचं मी तिला पहिल्याच दिवशी बोलून गेलो होतो. चूक झाली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

न्या सातुर्निनाच्या खोलीत दुपारी बारा पन्नासपासून बसलो. नात म्हणाली, बसायचं तर बसा, पण तोंड भिंतीकडे करा, आम्ही सगळे करतो. मी केलं नाही. बघायलाच तर आलो आहे.

एक एक्कावन्नला घमेल्यातलं पाणी हललं. टॉवेलचं एक टोक ओलं झालं. मग म्हातारीचा खांदा उचलला गेला, मग खुबा, मग दोन गुडघ्यांत उशी सरकली. पाठीचा कोन पुस्तकात दिलाय तेवढा, तीस अंश. चादरीला एक सुरकुती राहिली होती, ती ओढून सरळ झाली. खोलीत आम्ही दोघंच होतो.

खरं लिहितो. भीती नंतर वाटली. आधी हेवा वाटला. सव्वीस वर्षांत मी शिकवलेल्या एकाही पोरीला इतकं नेटकं वळवता आलेलं नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

निमियाचा फोन. जखम सात सेंटिमीटर. हाड दिसतं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस. निमिया रडली नाही, चिडली. म्हणाली, दादा, तू तिकडे परक्यांच्या पाठी मोज, इथे मी एकटीने आईला किती उचलू, माझीच कंबर गेली.

चार वाजून दहा मिनिटांनी फळ्यावर दहावं नाव लिहिलं, आईचं. एर्मेलिंदा रोलोन, पिलार. अक्षर शक्य तेवढं सुवाच्य काढलं. कुणी पाहिलं नाही. हे निबंधात येणार नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पाच सेंटिमीटर! निमिया म्हणते, दुपारी डुलकी काढून उठली तर आई दुसऱ्या कुशीवर. स्टुलावर घमेलं, जे तिने ठेवलेलंच नाही. तिला वाटतं मी कुणी नर्स पाठवली. म्हणाली, चांगली बाई आहे पण तोंड दाखवत नाही, निदान तेरेरे तरी पिऊन जा म्हण तिला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दोन सेंटिमीटर. कडा गुलाबी, पाणी नाही. निमियाकडून तीनदा मोजून घेतलं.

आनंदाच्या भरात न्या ओब्दुलियाला सांगून टाकलं. वाटलं, बाई मिठी मारेल. ती मका सोलत होती, तिचे हात थांबले. विचारलं, आईला विचारलंत का? मी म्हणालो, तक्त्यात असा रकाना नाही. ती उठून आत गेली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

जखम बंद. नवी कातडी.

पण आईने चार दिवस काही खाल्लेलं नाही. पाणीसुद्धा नाही. वजन तेवढंच आहे, एक ग्रॅम कमी नाही. निमियाचा आवाज बदललाय. म्हणते, आई दिवसभर एकच शब्द बोलते. पुरे.

चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याची वही मागितली. आधीच मागायला हवी होती. वय मी घरच्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं होतं, आणि घरच्यांनी सांगितलं होतं, म्हातारी आहे. न्या सातुर्निना, जन्म १८९३. दुसरी १९०१. तिसरा १९०४. नऊपैकी आठजण शंभरीच्या पुढे. फळ्यावर नाव आल्यावर मेलेला माणूस ब्याऐंशीपासून एकही नाही.

जखमा शून्य. मृत्यू शून्य. असा निकाल कोणत्याच पुस्तकात नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज पट्टी नेली नाही. नऊ खाटांजवळ बसलो आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय हवंय?

सातजणांचे ओठ हलले. एकच शब्द. दोघांना ओठही हलवता आले नाहीत, त्यांनी डोळे मिटले आणि माझी वाट पाहत राहिले. मी काय करणार होतो?

आईचं नाव ओल्या फडक्याने पुसलं. दोनदा.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नाव परत आलंय. माझं अक्षर नाही. बारीक, उजवीकडे झुकलेलं, खडू ओला.

पुन्हा पुसलं. सुरीने खरवडलं. दुपारनंतर पुन्हा तेच.

न्या ओब्दुलिया म्हणाली, फळा आम्ही जाळूनही पाहिला कराई, दुसऱ्या दिवशी भिंतीवर होता. आम्हाला काय सुख आहे? आता नवं नाव आम्ही लिहीत नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण तुम्ही ऐकणारे नाही, मोजणारे.

मग तिने नवव्याचं सांगितलं. आनास्तासिओ, वय एकोणपन्नास, नऊजणांत एकटाच तरणा. माझ्या तक्त्यात त्याच्या आजाराचा रकाना कोराच होता, घरच्यांनी सांगितलंच नव्हतं. अंथरुणाला त्याची बायको होती. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी तो तिला अंगणात निजवून तिच्या खाटेवर पडला. बायको त्याच दुपारी शांतपणे गेली; फळ्यावर तिच्या जागी आपोआप त्याचं नाव आलं, म्हणून माझ्या मोजणीतून ती सुटली. तो उठला नाही. पेर्पेतुआ खाटा मोजते, तोंड बघत नाही.

वॉर्डात पहिल्या दिवशी शिकवतात ते : नाव विचारल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. इतकी चांगली नर्स, आणि ही एवढीच चूक. रोज. एकतीस वर्षं.

शनिवार, २३ नोव्हेंबर. पिलार

आईला पाहिलं. पाठ निर्दोष. सातुर्निनासारखीच — धुतलेलं कापड.

तिने मला ओळखलं. पुरे म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. तू लिहिलंस ना, असं.

निमियाला सगळं सांगितलं. तिने आधी शिव्या दिल्या, मग माझ्या वाट्याचा चिपा गरम केला. मी उद्या काय करणार हे सांगितल्यावर म्हणाली, दादा, वेड लागलंय तुला. मग म्हणाली, मी पडते खाटेवर, मी रोज तिच्याजवळ असते, तू नव्हतास. खरंय. म्हणूनच मी.

वेळ हातात असतो. पाणी हलल्यापासून हात लागेपर्यंत वीसेक सेकंद. तेवढ्यात आई सुटली की उठता येईल. बहुतेक.

रविवार, २४ नोव्हेंबर

१:३५. आईला ओसरीवर टांगलेल्या झोळीत ठेवलं. वजन काहीच नाही तिचं. माझ्या गालाला हात लावला तिने. हात लावला, हे लिहून ठेवतो.

१:४४. खाटेवर आहे. डाव्या कुशीवर. घमेलं दिसतं.

१:५१. पाणी —

गार हात. खांदा, मग खुबा. किती हलकेच — कुणी इतकं —

निमिया रडतेय ओसरीवर. ओरडत नाही. रडतेय. म्हणजे झालं. १:५४. आई गेली. देवा, गेली.

उठतो.

पाय दिसतायत. सांगतोय त्यांना. ऐकत नाहीत.

सोमवार, २५

आईला नेलं. मी खिडकीतून फक्त लोकांची डोकी पाहिली.

दुपारी उजव्या कुशीवर. चादर सरळ. भूक नाही, तहान नाही. पेन्सिल धरता येते अजून.

निमिया पायाशी बसून असते. रडत नाही. विचार करतेय. तिचा विचार करतानाचा चेहरा मला लहानपणापासून —

निमिया, नको. इथे लिहून ठेवतो, वाच. नको.

मंगळवार

तिने मला झोळीत आणून ठेवलंय. काखेत हात घालून ओढत. मी नको म्हणालो. वाऱ्याला बस जरा दादा, म्हणाली.

तिने केस बांधलेत.

आत जाऊन दार लावलं.

१:४६. झोळीतून खाट दिसत नाही. हाक मारतो, आवाज ओसरीच्या पायरीपर्यंतही — निमिया — उठ तिथून —

१:४९. निमिया चाळीस वर्षांची आहे. चाळीस. तिला अजून —

१:५१. आत पाणी

उठ

पायाची बोटं हलली. माझी. एकदम फार हलकं. आईलाही असंच वा