ग्रहण, बेचाळीस मिनिटं

४ जानेवारी
बी.एड. कॉलेजात निबंध लिहायला होता : भावी शिक्षक आणि तंत्रज्ञान. मी लिहिलं की पाच वर्षांत व्याख्यान आणि पाठ्यपुस्तक दोन्ही इतिहासजमा होणार. प्राध्यापकांचा शेरा : शुद्धलेखन पाहा. म्हणजे मुद्दा पटलाय.
संकल्प : माझ्या सराव पाठात खडू नाही, पुस्तक नाही.

७ जानेवारी
सराव पाठासाठी शाळा मिळाली. सातवी, विज्ञान, धडा ग्रहणाचा. मार्गदर्शक बाई निवृत्तीला आलेल्या. त्यांनी पुस्तक पुढे केलं, आधी वाचून घ्या म्हणाल्या. नम्रपणे नको म्हटलं. बाईंना वाईट वाटलं असणार. मग निदान वर्गात जाऊन मुलांशी बोला तरी, म्हणाल्या. जाणारच होतो, पण नेमका घसा बसला. घरी आल्यावर सुटला.

११ जानेवारी
व्हिडिओ तयार! मी स्वतः, बेचाळीस मिनिटं. ताईच्या खोलीत रेकॉर्ड केला, तिच्या भिंतीचा रंग अभ्यासू दिसतो. ताई हॉस्पिटलात नर्स आहे, आज दुपारपाळी होती. निघता निघता दारात थांबून ऐकलं आणि म्हणाली, समोर कोणी नसलं की किती छान बोलतोस रे. ताई सहसा कौतुक करत नाही, म्हणून मुद्दाम नोंद.
सगळी माहिती नेटवरून तीन मिनिटांत. धडा वाचत बसलो असतो तर तास गेला असता.

१३ जानेवारी
व्हिडिओ मुलांना पाठवला. वर्गात मुलं एकतीस, व्ह्यूज अठ्ठावन्न. अफाट प्रतिसाद.
(त्यातले पन्नासेक माझे. शिक्षकानं आपला पाठ पाहायलाच हवा.)

१५ जानेवारी
पहिला तास. पद्धत आधुनिक : व्हिडिओ घरी, चर्चा वर्गात. करा चर्चा, असं सांगून मी मागच्या बाकावर बसलो. मुलांनी मनापासून चर्चा केली. विषय : सहल.
एक मुलगा म्हणाला, सर, मी तुम्हाला डबल स्पीडवर पाहिलं, जाम मजा आली. डबल स्पीड, म्हणजे निम्म्या वेळात आकलन. हे लेक्चरमध्ये शक्य आहे का?
पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं विचारलं, दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला येतो, मग दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? मी म्हणालो, उत्तम प्रश्न, शोधा. ती म्हणाली, तुम्हीच सांगा ना सर. तेवढ्यात मी बाहेर आलो. घंटा नंतर सहा मिनिटांनी झाली.

१८ जानेवारी
आज उत्तर शोधायला बसलो. व्हिडिओला मागे संगीत जोडलं. फार फरक पडला.

२० जानेवारी, सकाळी ७.१५
आज परीक्षेचा पाठ. बाहेरचे परीक्षक येणार. ताईनं विचारलं, चहा बशीत का सांडतोयस? म्हटलं, थंडी. तिनं पंखा बंद केला. तो मीच लावला होता.

२० जानेवारी, दुपारी
प्रोजेक्टर चालला. वीज गेली नाही. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. तंत्रज्ञानात कुठेही कमतरता नव्हती, हे नोंदवून ठेवतो.
दहाव्या मिनिटाला परीक्षकांनी व्हिडिओ थांबवायला सांगितला. म्हणाले, भिंतीवरचे सर बरं शिकवतात, त्यांना पास करायला हरकत नाही. आता तुम्ही शिकवा. आणि बाईंकडून खडू घेऊन माझ्या हातात दिला.
फळ्यावर सूर्य काढला. गोल छान आला. मग वळलो. एकतीस तोंडं, सगळी माझ्याकडे. चष्मेवालीचा हात वर. तोच प्रश्न.
मी म्हणालो, मला माहीत नाही.
व्हिडिओत हे वाक्य कुठेही नाही.
कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. बाईंनी तिलाच पुढे बोलावलं. तिनं खोडरबर टेबलावर ठेवला, ही पृथ्वी. वहीचा पुठ्ठा त्याच्यावर तिरका टेकवला आणि कडेवरून बोट फिरवलं, हा चंद्र. म्हणाली, याची वाट तिरकी आहे, म्हणून बहुतेक वेळा तो सूर्याच्या जरा वरून नाहीतर खालून जातो. अगदी एका रेषेत आला तरच ग्रहण. कुठे वाचलंस, मी विचारलं. पुस्तकात सर, धड्याच्या शेवटी. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.
मागचा मुलगा ओरडला, आत्ता कळलं! मलाही.

२१ जानेवारी
निकाल : पाठ पुन्हा द्यायचा. पंधरा दिवसांनी, तोच वर्ग. मूल्यमापनाची पद्धत जुनाट आहे, यावर सविस्तर लिहिणार होतो. राहू दे.
बाईंकडून पुस्तक मागून आणलं. त्यांनी ते ग्रहणाच्या धड्यावर उघडूनच दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ जानेवारी, सकाळी ८.०५
ताईला स्वयंपाकघरात ग्रहण शिकवलं. मोठ्यानं बोल, म्हणाली. बोललो. माझ्याकडे बघून बोल, म्हणाली. चार वाक्यं बघून बोललो. बाकीचा धडा पातेल्याला शिकवला.