व्हर्लिनचा कॉम्प्रेसर मीच जोडणार

शनिवार, ३ मे
ठरलं. नवऱ्याचा, व्हर्लिनचा, हवेचा कॉम्प्रेसर मीच जोडणार. ऑक्टोबरात त्याने तो लिलावात घेतला, आणि जानेवारीत व्हर्लिनच गेला. तेव्हापासून माझ्या उंचीची ती टाकी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी आहे. आज धाकटा दीर डेल्मर म्हणाला, "आर्डिस, तुला हवा भरून करायचंय काय? मी नेतो ट्रेलर लावून." भावाला जाऊन चार महिने होत नाहीत तोच याचा ट्रेलर तयार. म्हटलं, महिनाअखेरच्या मेमोरियल डेपर्यंत, गेलेल्यांना फुलं वाहायच्या दिवसापर्यंत, मशीन चालू नाही झालं तर खुशाल ने. झालं तर मात्र या गॅरेजात पाऊल टाकायचं नाही. हात मिळवला. बिचारा.

मंगळवार, ६ मे
लायब्ररीतून वायरिंगची तीन पुस्तकं आणली. दोन मूर्खांसाठी आहेत. तिसरं बरं. त्यातली पहिली ऐंशी पानं मला येतच असणार, म्हणून गाळली.
काउंटीच्या कचेरीतून परमिट काढलं. आपल्या घराचं वायरिंग आपण करायची मुभा आहे, इन्स्पेक्टर नंतर पाहून जातो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, सहीला मिस्टर येतील का? म्हटलं, अवघड आहे.

शनिवार, १० मे
ब्रेकरचं पॅनेल उघडलं. ब्रेकर बसवायचं एकच घर रिकामं. या मशीनला लागणाऱ्या दोनशे चाळीस व्होल्टच्या ब्रेकरला शेजारशेजारची दोन लागतात. तेवढ्यात डेल्मर टपकला. रिकाम्या घराखालचा ब्रेकर दाखवून म्हणाला, "हा काढ की. आता कशाला लागतोय?" त्यावर व्हर्लिनने स्वतः पेन्सिलीने 'ऑक्सिजन' लिहिलंय. त्याच्या श्वासाचं ते मशीन भाड्याने देणाऱ्यांनी फेब्रुवारीतच परत नेलं. पण जे चालतंय ते काढायचं नसतं, हा साधा नियम आहे. भावनेचा काही संबंध नाही.

सोमवार, १२ मे
तोडगा सापडला. एकाच घरात बसणारा जोडब्रेकर मिळतो, अंगाने सडपातळ, दोन खटक्यांचा. दोन खटके, दोन तारा. एकशे वीस अधिक एकशे वीस. हे डेल्मरला पन्नास वर्षांत सुचलं नसतं. दुकानदाराने विचारलं, "बाई, कशासाठी हवाय?" म्हटलं, भिंतीवर टांगायला.

गुरुवार, १५ मे
मेन बंद केला, मीटरने खात्री केली. मेन बंद असला तरी वरच्या दोन जाड तारांत वीज राहतेच. तिकडे हात नेला नाही. दहा नंबरची केबल दर दोन हातांवर पट्ट्या ठोकून ओळंब्यात नेली. व्हर्लिनची केबल नेहमी जरा वाकडी जायची. मी कधी बोलले नाही. फार वेळा नाही.

शनिवार, १७ मे
बटण दाबलं. काही नाही. गुणगुणसुद्धा नाही. मीटर लावला. डावी तार एकशे वीस. उजवी एकशे वीस. बेरीज मला येते. म्हणजे मोटर मेलेली आहे. व्हर्लिनला फसवलं.

मंगळवार, २० मे
लिलाववाल्याला फोन करून फैलावर घेतलं. म्हणाला, "अहो, तुमच्या नवऱ्याने तासभर चालवून बघितल्याशिवाय बोली लावली नव्हती." खोटारडा. (त्या दिवशी व्हर्लिन कान वाजतायत म्हणत घरी आला होता. त्याचा इथे संबंध नाही.)

शुक्रवार, २३ मे
इन्स्पेक्टर आली. टोबिनबाई, तिशीच्या. केबल बघून म्हणाल्या, "इतकं नीट काम या वर्षात पाहिलं नाही." हुशार बाई.
मग त्यांनी मीटरच्या दोन काड्या दोन तारांना एकदमच लावल्या. मी एकेक तार अर्थिंगशी मोजली होती. काटा शून्यावर. म्हणाल्या, "दोन्ही तारा एकाच बाजूच्या आहेत हो. मोटरला दोघींतला फरक मिळतो, बेरीज नाही. शेजारची दोन घरं रिकामी करा." नापासाची लाल चिठ्ठी चिकटवून गेल्या. हे पुस्तकात पान चौसष्टवर आहे. बाई अनुभवाने फारच लहान आहेत.

सोमवार, २६ मे, मेमोरियल डे
सकाळी व्हर्लिनच्या कबरीवर पिओनीची फुलं ठेवून आले. दुपारी डेल्मर ट्रेलरसह हजर. मी पॅनेलसमोर स्क्रूड्रायव्हर धरून उभी होते. अर्धा तास, कारण चष्मा धुरकट झाला होता. तो म्हणाला, "सरक, मी काढू का?" म्हटलं, हात लावलास तर बघ. मेन बंद केला, जोडब्रेकर काढला आणि ऑक्सिजनचा ब्रेकरही मीच काढला. नवा दुहेरी ब्रेकर आणायचा राहिला होता. डेल्मरने खिशातून काढून दिला. दहा तारखेपासून खिशातच होता, म्हणे.
टोबिनबाई बुधवारी पुन्हा बघतीलच. चाचणीला हरकत नसावी, असं माझं मत. ब्रेकर बसवून मेन चालू केला. बटण दाबलं. काय गर्जना! डेल्मरने टोपीच काढली. सहा मिनिटांत टाकी भरली आणि मशीन आपोआप थांबलं. मोटारीची चारही चाकं, गवत कापायचं यंत्र, ढकलगाडी, सगळ्यांत हवा भरली. वीस मिनिटं लागली. मग हवा लागेल असं घरात काही उरलं नाही.
पैज मी जिंकले. डेल्मर रिकामा ट्रेलर घेऊन निघाला, तेव्हा म्हटलं, मशीन पडून राहणं चांगलं नाही. तुझा तो ट्रॅक्टर हवेच्या फवाऱ्याने रंगवायचा तर दर बुधवारी इथे आण. जेवण मिळणार नाही.
उद्या बुधवारसाठी हॅम आणायला हवं.